तव्यावरचा खिमा रोल : पाव किलोत सहा जणांचं जेवण, पण काकडीची विळी वेगळी ठेवा

मोहने, ता. कल्याण (वार्ताहर) : रविवार उजाडला की मोहने-आंबिवलीकडे घरोघरी मटणाचा विषय निघतो. पण किलोभर मटण आणणं आता सगळ्यांना जमत नाही. इथली एनआरसी कंपनी 2009 साली बंद पडली, तेव्हापासून कितीतरी घरं हिशेबाने चालतात. अशा घरांना खिमा रोल कामाला येतो. पाव किलो खिमा, सहा भाकऱ्या आणि घरातली काकडी-कोबी एवढ्यात सहा जणांचं भागतं. एक तवा लागतो आणि तासाभरात जेवण तयार होतं.

मुंबईत अमरजितसिंग टिब यांनी 1969 मध्ये फ्रँकी विकायला सुरुवात केली. आता ती नाक्यानाक्यावर मिळते. आपला रोल त्याच जातीचा, फक्त मैद्याऐवजी तांदळाची भाकरी.

आधी आमच्या घरची गोष्ट

करायची रीत सोपी आहे, पण त्याआधी एक चूक सांगतो, कारण ती मी स्वतः केली आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाहुणे येणार होते. सकाळी नऊला खिमा घेतला, पिशवी मोटारसायकलला अडकवली आणि शेतावर पाणी सोडायला गेलो. घरी यायला बारा वाजले. घाईत ज्या विळीवर खिम्यातली चरबी साफ केली, त्याच विळीवर काकडी चिरली. रात्री तिघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. धाकट्या मुलाला सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "काकडी कशावर चिरली होती?"

खिमा शिजला होता, काकडी शिजली नव्हती. सगळा घोळ तिथेच झाला.

मटणाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, ते शिजताना मरतात. खिमा करताना बाहेरचा भाग आत जातो आणि जंतू सगळीकडे पसरतात. म्हणून खिमा तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो. कच्चं मटण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ऊन 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्चपासून दुपारी तेवढं ऊन असतंच.

साहित्य (6 रोल)

- खिमा पाव किलो. मटण निवडून, धुवून, डोळ्यासमोर खिमा करून घ्या. खिमा झाल्यावर घरी धुवू नका, पाणी धरतो आणि शिंतोडे सगळीकडे उडतात.
- तांदळाचं पीठ 2 वाट्या
- कांदे 2, आलं-लसूण वाटण 1 चमचा, हळद, घरचा आगरी मसाला दीड चमचा, तेल, मीठ
- काकडी 1, कोबी 1 वाटी, गाजर 1, लिंबू, कोथिंबीर
- दही 4 चमचे, त्यात पुदिना आणि हिरवी मिरची वाटून

करायची रीत

1. सगळ्यात आधी सॅलड. भाज्या वाहत्या पाण्यात धुवा, चिरा, झाका आणि बाजूला ठेवा. खिम्याची पिशवी त्यानंतरच उघडा. मीठ-लिंबू आत्ता नको, पाणी सुटतं आणि भाकरी भिजून फाटते.

2. भाकरी उकडीचीच करा. नुसत्या पाण्यात मळलेली भाकरी गुंडाळताना मोडते. 2 वाट्या पाण्याला उकळी आणा, चिमूटभर मीठ टाका, पीठ घालून झाका. पाच मिनिटांनी गरम असतानाच चांगलं मळा. पातळ भाकऱ्या भाजा आणि एकावर एक ठेवून फडक्यात गुंडाळा, म्हणजे वाफेने मऊ राहतील.

3. त्याच तव्यावर तेल टाकून कांदा लाल करा. खोलगट लोखंडी तवा असेल तर उत्तम. आलं-लसूण वाटण परतून खिमा टाका. मोठ्या आचेवर उलथण्याने गुठळ्या फोडा. पाणी सुटलं की हळद, मसाला, मीठ टाका, आच कमी करा आणि ताट झाका. मटणाच्या खिम्याला साधारण वीस मिनिटं, कोंबडीच्या खिम्याला दहा-बारा मिनिटं लागतात.

4. शेवटी ताट काढून पाणी पूर्ण आटवा. खिमा मोकळा झाला, तेल सुटलं आणि कुठेच गुलाबी दिसत नाही, म्हणजे शिजला. हिशेब असा की मटणाचा खिमा आतून 71 अंश आणि कोंबडीचा 74 अंश गरम व्हायला हवा. टोमॅटो टाकू नका, रोल गळतो.

5. आता सॅलडला मीठ-लिंबू लावा. भाकरीवर दह्याची चटणी, दोन चमचे खिमा, वर सॅलड. खालची कड आत दुमडा आणि गुंडाळा. तव्यावर जोड खाली करून अर्धा मिनिट दाबलं की रोल सुटत नाही.

डब्याला न्यायचा असेल तर

शेतावर किंवा कामावर नेताना भाकरी, खिमा आणि सॅलड वेगवेगळ्या डब्यांत न्या, खाताना गुंडाळा. शिजलेला खिमाही उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही. सकाळी केला असेल तर तो न्याहारीलाच संपवा. उरलेला खिमा फ्रीजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी वाफ येईपर्यंत गरम करा. लाईट बराच वेळ गेली असेल तर मोह नको, टाकून द्या.

श्रावणात हाच रोल सोयाबीनच्या चुऱ्याचा होतो, मसाला तोच. आमच्या घरी आता दोन विळ्या आहेत. मटणाची विळी लाल दोरा बांधून वेगळ्या खुंटीला टांगलेली असते, आणि काकडी चिरायला घेताना धाकटा आधी दोरा बघतो.