हिरोशिमाची हाक, महाडचा धडा

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. महापौर सेंकिची आवाया हेही त्यात गेले. युद्धाचा निर्णय शहराने घेतला नव्हता. प्रेते मात्र शहरालाच उचलावी लागली. आपल्याकडे ती वेळ आली तर प्रेते कोण उचलणार, हे वेगळे सांगायला हवे काय?

१९८२ साली हिरोशिमाचे महापौर ताकेशी अराकी यांनी संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रमुक्तीसाठी जगभरच्या शहरांना एकत्र येण्याची हाक दिली. आज आठ हजारांहून अधिक शहरे त्या संघटनेत आहेत. विसंगती पाहा : २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारावर खुद्द जपान सरकारची सही नाही!

'नगरपालिकेने गटारे पाहावीत, बॉम्बशी तिचा काय संबंध?' असे आपले शहाणे विचारतील. त्यांनी महाड आठवावे. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. तो कागदावरच पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत लोक तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. ठराव एकटा पांगळा असतो. तो चळवळीच्या पायांनी चालतो.

११ मे १९९८ रोजी, ऐन बुद्ध पौर्णिमेला, पोखरणमध्ये अणुस्फोट झाले. करुणेच्या दिवशी संहाराची चाचणी! याला उत्तर देण्याची पहिली जबाबदारी धम्म स्वीकारलेल्या आपल्यावर येते. राखीव जागांवर निवडून गेलेल्या आपल्या नगरसेवकांनी अण्वस्त्रमुक्तीचा ठराव सभागृहात मांडावा आणि वस्त्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे.