युकुलेलेला तारा वाढल्या की वाजवणं अवघड होतं का? गिटारशी एक तुलना



मुलं मोबाईलवर कुणाला तरी युकुलेले वाजवताना बघतात आणि घरी हट्ट धरतात. पालक दुकानात जातात. तिथे चार तारांचं युकुलेले असतं, आठ तारांचं असतं, सहा तारांचंही असतं आणि शेजारी गिटार टांगलेली असते. मनात एक साधा हिशोब होतो : चार तारा सोप्या, सहा अवघड, आठ तर फारच अवघड. पण हा हिशोब बरोबर आहे का? वाद्यासाठी पैसे एकदाच निघतात आणि वाद्य हाताला जड गेलं, तर महिन्याभरात ते कपाटावर जाऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे "मला संगीत जमत नाही" असं मूल समजून बसतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

१) आधी थोडी ओळख

युकुलेले हे हवाई बेटांवरचं वाद्य. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर कुटुंबं जहाजाने होनोलुलूला आली. त्यांच्यासोबत 'माशेत' नावाचं चार तारांचं छोटं वाद्य आलं आणि त्यापासून पुढे युकुलेले तयार झालं. त्याच्या चार तारा जी, सी, ई, ए या सुरांत लावतात. गिटारला सहा तारा असतात, त्या जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात.

२) तारा मोजू नका, दाबण्याच्या जागा मोजा

आपल्या तंबोऱ्याचंच उदाहरण घ्या. त्याला साधारणपणे चार तारा असतात, पण डाव्या हाताने एकही दाबावी लागत नाही. सतारीला पंधरा-वीस तारा असतात, तरी गत मुख्यतः बाजाच्या एका तारेवर वाजते. म्हणजे नुसत्या तारांच्या संख्येवरून अवघडपणा कळत नाही. बोटांना किती वेगवेगळ्या जागी जावं लागतं, हे महत्त्वाचं.

आठ तारांच्या युकुलेलेत तारा दोन-दोनच्या जोडीने बसवलेल्या असतात. जोड्या चारच! एका बोटाने एक जोडी एकदम दाबायची. म्हणून चार तारांवर शिकलेली प्रत्येक कॉर्ड इथे जशीच्या तशी चालते. काही जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात असतात, तर काहींत एक तार खालच्या सप्तकात असते. त्यामुळे आवाज भरदार येतो. पाच तारांच्या युकुलेलेत सहसा एकाच तारेची जोडी केलेली असते आणि सहा तारांच्या एका प्रकारात दोन तारांच्या जोड्या असतात. नवीन पाठांतर कशातच नाही.

मग अवघड काय होतं?
• एका बोटाने दोन तारा दाबायच्या, म्हणून जोर जास्त लागतो.
• बोट थोडं घसरलं तरी जोडीतली एक तार खरखरते.
• सूर लावायला चारऐवजी आठ खुंट्या. जोडीतली एक तार जरी उतरली, तरी कानाला लगेच टोचतं.
• एकेक सूर छेडून गाण्याची चाल वाजवणं कठीण जातं. सगळ्या तारांवरून हात फिरवून साथ करायला मात्र हे वाद्य छान.

३) सहा सुट्या तारा : गिटालेले

आता नीट लक्ष द्या, कारण गोंधळ इथेच होतो. सहा तारांचं दुसरंही एक वाद्य मिळतं. त्यात जोड्या नसतात, सहाही तारा सुट्या असतात. याला गिटालेले म्हणतात. आकार मोठ्या युकुलेलेचा, पण डोकं गिटारचं! तारा ए, डी, जी, सी, ई, ए अशा लागतात. बोटांची ठेवण गिटारचीच, फक्त सूर पाच अर्धस्वर वर निघतो. गिटारवरची जी कॉर्ड इथे धरली तर सी ऐकू येते.

सी कॉर्डचीच तुलना करूया. चार किंवा आठ तारांच्या युकुलेलेवर सी कॉर्डला एक बोट पुरतं. गिटारवर तीन लागतात. गिटालेलेवरही तीनच. एफ कॉर्ड युकुलेलेवर दोन बोटांची आहे. गिटारवर मात्र पूर्ण एफ वाजवताना पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं आणि नवे विद्यार्थी इथेच अडकतात. गिटालेलेवर एफ हवी असेल, तर गिटारची सी धरायची, तीन बोटांत काम होतं.

गिटालेलेच्या बारीक बाजूच्या चार तारा जी, सी, ई, ए अशाच आहेत, हे लक्षात आलं का? त्यामुळे तिथे युकुलेलेच्या कॉर्डही चालतात. फक्त उरलेल्या दोन जाड तारांना हात लागू द्यायचा नाही. लहान मुलाला हे सांभाळणं सोपं नाही.

४) लांबी आणि तारेचा प्रकार

फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. तारेची मोकळी लांबी जितकी जास्त, तितक्या या पट्ट्या दूर. पहिल्या आणि चौथ्या पट्टीतलं अंतर असं येतं :

• लहान युकुलेले (तार सुमारे ३४५ मिमी) : सुमारे ५२ मिमी
• गिटालेले (तार सुमारे ४३३ मिमी) : सुमारे ६५ मिमी
• क्लासिकल गिटार (तार सुमारे ६५० मिमी) : सुमारे ९८ मिमी

म्हणजे गिटारवर बोटं जवळजवळ दुप्पट ताणावी लागतात. त्यात गिटारला स्टीलच्या तारा असतील, तर सुरुवातीला बोटांची टोकं चांगलीच दुखतात. नायलॉनच्या तारा मऊ असतात. युकुलेले आणि गिटालेलेला सहसा अशाच मऊ तारा असतात. मोठ्या माणसाला मात्र उलटी अडचण येते : जाड बोटांना लहान पट्ट्यांवर दाटी होते.

५) मग सोप्यापासून अवघड असा क्रम कसा?

१. चार तारांचं युकुलेले
२. जोडतारांचं युकुलेले (कॉर्ड त्याच, जोर जास्त)
३. गिटालेले (कॉर्ड गिटारच्या, ताण कमी)
४. नायलॉन तारांची गिटार
५. स्टील तारांची गिटार

हा क्रम नवशिक्या मुलासाठी आहे. तिसरी-चौथीच्या मुलाला फक्त गाण्याला साथ करायची असेल, तर चार तारांचं घ्या. पुढे गिटारच शिकायची असं ठरलेलं असेल आणि हात लहान असेल, तर गिटालेले चांगलं. त्यावरची मेहनत वाया जात नाही. आठ तारांचं वाद्य पहिलं म्हणून नको, वर्षभर हात बसल्यावर खुशाल घ्या.

वर्गासाठी एक सूचना : गिटार आणि गिटालेले एकत्र वाजवताना दोघांनी एकच कॉर्ड धरली, तर सूर जुळणार नाहीत. गिटारच्या पाचव्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावा. मग दोघांची ठेवण एक आणि सूरही एक.

करून पाहा : मुलाचा डावा पंजा वहीवर ठेवा. बोटं ताण न देता पसरायला सांगा. तर्जनीच्या आणि करंगळीच्या टोकांतलं अंतर पट्टीने मोजा आणि वरच्या आकड्यांशी ताडून बघा. गणिताचा तासही होईल आणि दुकानात कोणत्या वाद्याकडे बोट दाखवायचं, हेही कळेल.

तुमच्या वर्गात मोजलेली मापं जरूर कळवा.