मोठी डायव्ह घड्याळे आणि लहान मनगट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाण्याखाली वापरण्यासाठी घडवलेले घड्याळ, म्हणजे व्यवहारात ज्याला 'डायव्ह वॉच' किंवा नुसते 'डायव्हर' म्हटले जाते ते, भरदार मनगटाच्या पुरुषासाठीच असते आणि बारीक मनगटाच्या स्त्रीने त्याच्या वाटेला जाऊ नये, ही समजूत दुकानांतील 'जेन्ट्स' आणि 'लेडीज' अशा दोन कप्प्यांमुळे इतकी पक्की झाली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. तपासल्यावर मात्र तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते : घड्याळाचा व्यास, त्याचे मनगटावर नीट बसणे आणि त्याचे पाण्याखाली उपयोगी पडणे. या तिन्हींचा परस्परांशी संबंध आहे, पण तो समजला जातो तितका सरळ नाही, आणि घड्याळ घालणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष यावर त्यांपैकी एकाही गोष्टीचा निकाल लागत नाही.

जलरोधक घड्याळ ही मुळातच पुरुषी वस्तू होती, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात मनगटावरचे घड्याळ हा प्रामुख्याने स्त्रियांचा अलंकार मानला जाई. पुरुष साखळीचे घड्याळ खिशात बाळगत, आणि खंदकांतल्या लढाईत एक हात सतत खिशाकडे नेणे परवडेना तेव्हा कुठे सैनिकांमुळे मनगटी घड्याळ पुरुषांमध्ये रुळले. रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये 'ऑयस्टर' नावाची जलरोधक केस, म्हणजे घड्याळाचे यंत्र ज्यात बंद असते ती धातूची डबी, बाजारात आणली आणि तिची जाहीर कसोटी लागली ती एका स्त्रीच्या अंगावर. मर्सिडीज ग्लाइट्झ हिने ७ ऑक्टोबर १९२७ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली होती, परंतु त्याच सुमारास दुसऱ्या एका स्त्रीचा तसाच दावा खोटा निघाल्याने तिच्याही पराक्रमावर संशय घेतला गेला, तेव्हा तो दूर करण्यासाठी ती २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उतरली. थंडीने गारठलेल्या ग्लाइट्झला दहा तासांहून अधिक काळ झुंजल्यानंतर पैलतीर गाठण्याआधीच नावेत ओढून घ्यावे लागले, पण तिच्या गळ्यात अडकवलेले ऑयस्टर घड्याळ चालूच होते, आणि पुढच्याच महिन्यात रोलेक्सने 'डेली मेल' या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात दिली. घड्याळ पाण्यात तग धरते याचा पुरावा म्हणून ज्या क्षेत्राने एका जलतरणपटू स्त्रीला पुढे केले, त्याच क्षेत्राने पुढे कित्येक दशके स्त्रियांना प्रामुख्याने रत्नजडित, नाजूक घड्याळेच दाखवावीत, यात न्याय नाही.

पहिली खरीखुरी डायव्ह घड्याळेही आजच्या मानाने अवाढव्य नव्हती. फ्रेंच नौदलाच्या बुडी मारणाऱ्या सैनिकांच्या गरजेतून १९५३ मध्ये आलेले ब्लांपां कंपनीचे 'फिफ्टी फॅदम्स' सुमारे ४२ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे त्या काळी खूपच मोठे होते, परंतु त्याच सुमारास आलेले रोलेक्सचे 'सबमरिनर' ३८ मिलिमीटरच्या आसपास होते आणि १९६५ मध्ये सेइकोने काढलेले जपानचे पहिले डायव्ह घड्याळही त्याच आकाराचे होते. आकार फुगला तो पुढे, दोन कारणांनी. एकीकडे समुद्रतळाशी दिवसेंदिवस काम करणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांसाठी १९७० च्या दशकात ओमेगाचे 'प्लोप्रोफ' किंवा सेइकोचे ६०० मीटरचे घड्याळ अशी विशेष यंत्रे निघाली. दुसरीकडे इटलीच्या नौदलाला ४७ मिलिमीटरची घड्याळे पुरवणारी पानेराई कंपनी १९९३ पासून सर्वसामान्य ग्राहकांकडे वळली आणि त्यानंतर मोठे घड्याळ ही शहरी फॅशन झाली. यांतली पहिली वाढ कामाच्या गरजेतून झाली, दुसरी हौसेतून, आणि बाजारात मात्र दोन्ही एकाच कपाटात मांडल्या गेल्या.

घड्याळ जितके मोठे तितके ते पाण्याला अधिक दाद देत नाही, हा समज सर्वांत चिवट आहे आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो जवळजवळ उलटा आहे. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणून २०० मीटरची हमी असलेल्या घड्याळाला नेहमीच्या हवेच्या दाबापेक्षा वीस पट अधिक दाब सोसावा लागतो. काचेचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर तिच्यावर या दाबाने सुमारे १४४ किलोग्रॅम वजनाइतका भार येतो. तोच व्यास २० मिलिमीटर असेल तर भार ६४ किलोग्रॅमच्या आसपास राहतो, कारण भार काचेच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोठी काच न वाकता टिकवायची तर ती व्यासाच्या प्रमाणात जाडही करावी लागते, आणि काच जाड झाली की केस व मागचे झाकणही जाड होते. तात्पर्य, मोठ्या घड्याळाची जाडी हा बऱ्याच अंशी त्याच्या स्वतःच्याच मोठेपणाचा खर्च असतो. पाणी अडवण्याचे काम करतात ते झाकणाखालचे व चावीभोवतीचे रबरी गॅस्केट आणि आट्यांनी घट्ट बसणारी चावी, आणि हे दोन्ही लहान केसमध्येही तितक्याच चोखपणे बसवता येतात. ओमेगाने 'सीमास्टर ३००एम' मालिकेतले मध्यम आकाराचे घड्याळ ३६.२५ मिलिमीटर व्यासाचे ठेवूनही ३०० मीटरची हमी दिली. ट्यूडरचे २०२३ मधले 'ब्लॅक बे ५४' हे ३७ मिलिमीटरचे घड्याळ २०० मीटरचे आहे.

डायव्ह घड्याळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ६४२५, किमान १०० मीटरची क्षमता मागते, सांगितलेल्या खोलीपेक्षा पंचवीस टक्के अधिक दाबाखाली प्रत्येक घड्याळाची चाचणी घ्यायला लावते, आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे असा आग्रह धरते. किमान व्यासाची अट त्यात नाही. वाचनीयतेचा प्रश्न खरा आहे, पण तो काट्यांची रुंदी, तबकडीशी त्यांचा रंगविरोध आणि अंधारात चमकणाऱ्या लेपाची मात्रा यांनी अधिक सुटतो. त्यातच पाण्याखाली सपाट काचेच्या मुखवट्यातून पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे ३६ मिलिमीटरचे घड्याळ तेथे ४८ मिलिमीटरचे असल्यासारखे भासते. मोठ्या आकाराचा निर्विवाद लाभ एकाच ठिकाणी आहे : थंड पाण्यात जाड हातमोजे घातलेल्या बोटांनी बेझल फिरवताना. बेझल म्हणजे तबकडीभोवतीचे मिनिटांच्या खुणांचे फिरते कडे. बुडी घेताना त्याची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणली की पाण्याखाली गेलेली मिनिटे थेट वाचता येतात. ते एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फिरते, जेणेकरून चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ प्रत्यक्षाहून जास्तच दिसावा आणि पाणबुड्याने वेळेआधी वर यावे. हे कडे पकडायला मोठे असेल तर सोयीचे, यात शंका नाही. तारकर्ली किंवा अंदमानच्या कोमट पाण्यात, जिथे जाड हातमोज्यांची गरजच पडत नाही, ती सोय फारशी कामाला येत नाही.

आता मनगटाकडे वळता येईल. घड्याळ बसते की नाही हे व्यासावरून ठरवण्याची सवय सार्वत्रिक आहे, कारण जाहिरातीत ठळकपणे तोच आकडा छापलेला असतो. परंतु निर्णायक असते ते एका लगच्या टोकापासून समोरच्या लगच्या टोकापर्यंतचे अंतर. लग म्हणजे पट्टा अडकवण्यासाठी केसमधून वर आणि खाली पुढे आलेली शिंगे. ही शिंगे मनगटाच्या वरच्या सपाट भागाच्या बाहेर गेली की पट्टा खाली वळण्याऐवजी आडवा बाहेर येतो, त्याच्या व कातडीच्या मध्ये फट पडते आणि घड्याळ डुलू लागते. सेइकोच्या 'एसकेएक्स००७' या लोकप्रिय घड्याळाचा व्यास ४२.५ मिलिमीटर आहे आणि वर उल्लेखलेल्या ब्लॅक बे ५४ चा ३७. आकडे वाचणारी ग्राहक पहिले बाजूला सारेल आणि दुसरे उचलेल. परंतु दोन्हींचे लगपासून लगपर्यंतचे अंतर जवळजवळ सारखेच, सुमारे ४६ मिलिमीटर आहे, म्हणजे मनगटाच्या लांबट दिशेने नव्हे, तर रुंदीच्या दिशेने दोन्ही सारखीच जागा व्यापतात. डोक्सा कंपनीचे १९६७ मध्ये आलेले नारिंगी तबकडीचे 'सब ३००' हेही ४२ मिलिमीटरहून मोठे असून त्याचे लग इतके आखूड आहेत की ते बारीक मनगटावरही बाहेर डोकावत नाही. उलट लांब, सरळ शिंगांचे ४० मिलिमीटरचे घड्याळ त्याच मनगटावर अवजड ठरू शकते.

मनगटाचा घेर पंधरा सेंटिमीटर असेल तर वरून दिसणारी त्याची रुंदी साधारण पाच सेंटिमीटरच्या आसपास भरते, आणि काठाची गोलाई वगळता सपाट भाग त्याहून थोडा कमीच उरतो. हा सपाट भाग साध्या पट्टीने मोजता येतो, आणि घेरापेक्षा तोच आकडा अधिक उपयोगाचा आहे, कारण सारख्याच घेराची दोन मनगटे एक चपटे आणि एक गोल असू शकतात व चपट्यावर अधिक मोठे घड्याळ निर्वेध बसते. ४६ किंवा ४७ मिलिमीटरपर्यंतचे अंतर अशा पुष्कळ मनगटांना चालते. ५० च्या पुढे गेलेले, सतरा-अठरा मिलिमीटर जाडीचे घड्याळ मात्र चालत नाही, आणि हे कबूल करण्यात संकोच नको. रोलेक्सच्या ३,९०० मीटर खोलीसाठीच्या, ४४ मिलिमीटर व्यासाच्या 'डीपसी'ने बारीक मनगटाच्या पुरुषालाही तेवढीच अडचण होते.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट हमखास विसरली जाते. डायव्ह घड्याळ त्याच्या मूळ कामाच्या वेळी बहुधा उघड्या मनगटावर नसते. ते निओप्रीनच्या, म्हणजे वायूचे बुडबुडे कोंडलेल्या रबराच्या, पोशाखाच्या बाहीवर बांधतात. पाच मिलिमीटर जाडीची बाही घेरात तीन सेंटिमीटरहून अधिक भर घालते, त्यामुळे पंधरा सेंटिमीटरचे मनगट पाण्यात उतरताना अठरा सेंटिमीटरचे झालेले असते. ज्या घड्याळाला दुकानात 'बाईंच्या हाताला मोठे' म्हणून नाकारले, ते खुद्द समुद्रात त्याच हातावर नेटके बसते. पुढे खोली वाढली की दाबाने निओप्रीन आकसते आणि पट्टा सैल पडू लागतो. यासाठीच डायव्ह घड्याळांना लाटांसारख्या घड्या असलेला, ताणून राहणारा रबरी पट्टा किंवा चेनच्या पट्ट्यात लांबी वाढवणारी जादा कडी दिलेली असते.

जमिनीवर मात्र हाच पट्टा लहान मनगटाचा खरा वैरी ठरतो, आणि त्याचे खापर घड्याळाच्या आकारावर फोडले जाते. बाहीच्या हिशेबाने लांब केलेला रबरी पट्टा शेवटच्या भोकातही ढिला राहतो. चेनच्या पट्ट्याची पहिली कडी काही घड्याळांत न वाकता बाहेर येते आणि लगचे अंतर प्रत्यक्षात कित्येक मिलिमीटरने वाढवते, तर लांबलचक बकल मनगटाच्या आतल्या गोलाईवर सपाट बसत नाही. कड्या काढताना दोन्ही बाजूंच्या सारख्याच काढल्या तर बकल एका कुशीला सरकते आणि वरचे घड्याळ विरुद्ध बाजूला लवंडते. चांगला कारागीर घड्याळ हातावर ठेवून, बकल मधोमध येईल अशा बेताने दोन्हीकडून कमी-अधिक कड्या काढतो. आखूड पट्टा घातल्यावर 'मोठे' वाटणारे घड्याळ जागेवर आले, असे वारंवार घडते. तीनच्या अंकाशी असलेली चावी हात मागे वाकवताना तळहाताच्या पाठीत रुतते का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. सेइकोने अनेक डायव्ह घड्याळांत चावी चारच्या अंकापाशी नेली आहे, ती लहान हाताला विशेष सोयीची आहे.

दिसण्याचा प्रश्न अर्थातच उरतो, आणि तो आवडीचा असल्यामुळे त्याला नियम लावता येत नाही. तरीही एक निरीक्षण नोंदवण्यासारखे आहे. डोळा आकार मोजतो तो तबकडीच्या उजळ भागावरून, आणि डायव्ह घड्याळात काळे, रुंद बेझल पुष्कळ जागा घेत असल्याने ४० मिलिमीटरचे डायव्हर त्याच व्यासाच्या, पांढऱ्या तबकडीच्या आणि बारीक काठाच्या घड्याळापेक्षा लहान दिसते.

महाराष्ट्रात स्त्रियांच्या घड्याळाच्या हातात बांगड्याही असण्याचा संभव असतो, आणि तेथे आकारापेक्षा धातू आणि काच यांचा विचार अधिक कामी येतो. बाहेर उभे राहणारे पोलादी बेझल बावीस कॅरेटच्या सोन्याहून पुष्कळ कठीण असते, त्यामुळे दोन्ही एकमेकांना घासू लागले की ओरखडे बांगडीवर उठतात, आणि सिरॅमिकचे बेझल तर त्याहूनही कठीण. साध्या खनिज काचेवर मात्र बांगड्यांत जडवलेल्या खड्यांनी चरे पडू शकतात. सफायर काच त्यांना बहुधा दाद देत नाही, पण हिऱ्यापुढे तीही टिकत नाही. ज्यांना दोन्ही रोज वापरायचे असेल त्यांनी घड्याळ एका हातात आणि बांगड्या दुसऱ्या हातात घालणे, अथवा घड्याळाच्या हातात बांगडी कोपराच्या बाजूला ठेवून पट्टा पुरेसा आवळणे, एवढी तजवीज पुरते.