सुगावा आणि माग : जयपूरच्या वेधशाळेचा मागोवा

अंतराळयान किती अंतरावरून ओळखू येते, या प्रश्नाला १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हलर’ या विज्ञानकथात्मक भूमिकाखेळाने, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन नियमांच्या चौकटीत खेळण्याच्या खेळाने, दुहेरी उत्तर दिले. व्यापारी यानाला दुसऱ्याचा सुगावा अर्ध्या प्रकाश-सेकंदावरून, म्हणजे सुमारे दीड लाख किलोमीटरवरून लागतो आणि लष्करी यानाला दोन प्रकाश-सेकंदांवरून. पण एकदा सुगावा लागला की तीन प्रकाश-सेकंदांपर्यंत माग ठेवता येतो. वस्तू दिसणे वेगळे आणि तिचे स्थान मोजत राहणे वेगळे, हा भेद जयपुरात त्याआधी सुमारे अडीचशे वर्षे दगडचुन्यात उभा राहिला होता.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेल्या या नगरातील जंतरमंतर ही वेधशाळा पुढील काही वर्षांत उभी राहिली. मूळचे महाराष्ट्रातील मानले जाणारे जगन्नाथ पंडित त्याच्या पदरी होते आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात ‘सम्राटसिद्धांत’ या नावाने आणला. वेधशाळेतील सम्राट यंत्र या सुमारे २७ मीटर उंचीच्या सूर्यघड्याळावर सावली मिनिटाला सुमारे ६ सेंटीमीटर सरकते, त्यामुळे २ सेकंदांचे भाग कोरता आले. परंतु सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब असल्याने सावलीची कड काही सेंटीमीटर पसरते आणि ती नेमकी वाचण्यासाठी ताणलेल्या दोऱ्याचा आधार घ्यावा लागतो. यंत्र कितीही मोठे केले, तरी ही मर्यादा वस्तूच्याच प्रकाशातून येते.

या यंत्रांनी डोळ्याचा पल्ला तसूभरही वाढवला नाही; वाढवली ती अचूकता. पल्ला दुर्बिणीने वाढत होता, आणि जयसिंहाच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या कोष्टकग्रंथात गुरूच्या चार चंद्रांची नोंद असल्याने त्याला दुर्बीण परकी नव्हती. त्याने पोर्तुगालला पाठवलेल्या मंडळाने फ्रेंच ज्योतिर्विद द ला हीरची कोष्टके आणली, तेव्हा त्यांत चंद्राचे स्थान अर्ध्या अंशाने, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीइतके, चुकलेले आढळले आणि जयसिंहाने त्याचा दोष युरोपीय यंत्रांच्या लहान आकाराला दिला.

म्हणून त्याने दुर्बीण दुर्लक्षिली, हा आक्षेप अपुरा आहे. युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच दुर्बीण अंशांकित कमानीवर बसवली गेली होती आणि सुगावा व माग एकाच यंत्रात आले होते. जयपूरच्या यंत्रांत हा संयोग झाला नाही, आणि त्या थोर वेधशाळेची खरी उणीव तीच होय.