‘वुड’मधला आदर

पाहुण्याला चहा विचारताना ‘डू यू वॉन्ट टी?’ म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण स्वर थोडा रोखठोक वाटतो. मित्रांत चालतो, अनोळखी माणसाशी नाही. तिथे ‘वुड यू लाइक सम टी?’ हवं. एरवी प्रश्नात ‘एनी’ येतो, पण आग्रहाच्या प्रश्नात ‘सम’. विचारणाऱ्याला ‘हो’ची अपेक्षा आहे, हे त्यातून कळतं. मात्र ‘डू यू लाइक टी?’ ही फक्त आवडीची चौकशी. त्यावर ‘येस’ म्हणणाऱ्यापुढे कप येईलच असं नाही!

‘वुड’ हे मुळात ‘विल’चं भूतकाळी रूप. क्रियापद भूतकाळात नेलं की बोलण्यात अंतर येतं आणि अंतरातून अदब. आपणही साहेबांना ‘जरा विचारायचं होतं’ म्हणतो. विचारायचं असतं आत्ताच. मला ही जुळणी फार लोभस वाटते. या अदबीसाठीच हॉटेलात ‘आय वॉन्ट’ऐवजी ‘आय’ड लाइक’ (म्हणजे ‘आय वुड लाइक’) म्हणावं.

मदत देऊ करताना ‘शॅल आय हेल्प यू?’ हे ब्रिटिश वळण. अमेरिकेत ‘कॅन आय’ जास्त ऐकू येतं.

इच्छा सांगताना ‘होप’ आणि ‘विश’ यांची गल्लत होते. शक्य असेल तिथे ‘आय होप यू कॅन कम’. वस्तुस्थिती उलट असेल तर ‘आय विश आय न्यू’, म्हणजे ‘मला माहीत असतं तर!’

नकार देताना नुसतं ‘नो’ नको, ‘नो, थँक यू’ म्हणा. आणि खरंच चहा हवा असेल तर पहिल्यांदाच घ्या. ब्रिटन-अमेरिकेत आपल्यासारखा दुसऱ्यांदा आग्रह बहुधा होत नाही.