मोहन नगरच्या दहा अक्षरांत दडलेले शब्द

भिलाईच्या मोहन नगरचे नाव रोमन लिपीत लिहिले की दहा अक्षरे होतात: एम, ओ, एच, ए, एन आणि एन, ए, जी, ए, आर. आता याच अक्षरांतून इंग्रजी शब्द काढायला बसा. मँगो पटकन सुचतो, ऑर्गन सुचतो, जरा डोके खाजवले की हँगमन सापडतो. आणि मग हाती लागतो तो सात अक्षरी ‘ॲनाग्रॅम’. अक्षरांची फिरवाफिरव करून घडवलेल्या शब्दाला इंग्रजीत हेच नाव आहे! तीन ए आणि जी, एम, एन, आर एकेकदा. सगळा ऐवज मोहन नगरच्या पाटीवर हजर आहे. उरतात फक्त ओ, एच आणि एन.

हेच काम संगणकाला कसे सांगायचे? पहिल्यांदा सुचणारा मार्ग म्हणजे सगळ्या मांडण्या करायच्या आणि प्रत्येक मांडणी शब्दकोशात आहे का ते पाहायचे. एका अक्षरापासून दहा अक्षरांपर्यंत या नावाच्या वेगवेगळ्या मांडण्या भरतात ८,६१,३६८. त्यातल्या बहुतेक निरर्थक. शिवाय अक्षरे वाढली की हा आकडा आवाक्याबाहेर जातो.

इथे प्रश्न उलटा करायचा. अक्षरे फिरवत बसण्याऐवजी शब्दकोशच आधी नीट लावून ठेवायचा. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लिहायची आणि ती त्या शब्दाची किल्ली मानायची. ऑर्गन (अवयव), ग्रोन (कण्हणे) आणि आर्गॉन (वायू) या तिन्हींची किल्ली एकच निघते: ए, जी, एन, ओ, आर. टपाल कचेरीत एका पिनकोडची पत्रे एका खणात पडतात, तसे हे तिघे एकत्र येतात. एकदा क्रमाचा विचार सोडला की मोहन नगरच्या अक्षरांसाठी मोजायचे ते एवढेच: ए शून्य ते तीन वेळा घेता येतो म्हणून चार पर्याय, एनचे तीन, उरलेल्या पाच अक्षरांचे प्रत्येकी दोन. गुणाकार ३८४. त्यातला काहीच न घेण्याचा एक पर्याय वजा केला की शब्दकोशात शोधायला उरतात ३८३ किल्ल्या. साडेआठ लाखांचे काम पावणेचारशेच्या आसपास आले, आणि ते यंत्राचा वेग न वाढवता.

किल्लीची ही कल्पना संगणकाहून फार जुनी आहे, फक्त तेव्हा तिचा उपयोग लपवण्यासाठी होत होता. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये आपल्या एका पुस्तकात वर्णक्रमाने लावलेली चौदा अक्षरे छापली. शोधावर हक्क राहावा, पण तो इतरांना कळू नये, हा हेतू. १६७८ मध्ये त्यांनी ती उलगडून दाखवली: स्प्रिंग जितकी ताणली जाईल तितके तिचे बल, हा लॅटिनमध्ये लिहिलेला तो नियम. भिलाईच्या पोलाद कारखान्यात बनणारा रूळ आगगाडीच्या भाराखाली किती वाकेल, हे गणितही त्याच नियमाच्या आधाराने मांडतात.

आता पुन्हा संगणकाकडे. कधी प्रश्न वेगळा असतो: क्यू, यू आणि झेड ही तिन्ही अक्षरे असलेले शब्द कोणते? क्विझ, क्वार्ट्‌झ. इथे इतर अक्षरेही चालतात. अशा वेळी प्रत्येक शब्दासाठी २६ जागांची एक ओळ ठेवतात; अक्षर असेल तर एक, नसेल तर शून्य. शब्दाची ओळ आणि हव्या असलेल्या अक्षरांची ओळ एकमेकींशी ताडून पाहणे ही संगणकाची एकच क्रिया, त्यामुळे निरुपयोगी शब्द क्षणात गळतात. पण हँगमनला एन दोनदा लागतो आणि ही ओळ फक्त आहे की नाही एवढेच सांगते, म्हणून शेवटी संख्या मोजावीच लागते.

तिसरा मार्ग झाडाचा. एकाच सुरुवातीचे शब्द एकाच फांदीवर ठेवायचे. ही रचना १९५९ मध्ये रेने द ला ब्रियांदे यांनी आणि १९६० मध्ये एडवर्ड फ्रेडकिन यांनी मांडली. १९८८ मध्ये ॲपल आणि जेकबसन या संगणकशास्त्रज्ञांनी शब्दांचे सारखे शेवटही एकत्र जोडून स्क्रॅबल खेळणारा अतिशय वेगवान प्रोग्राम लिहिला.

हे सारे मराठीला जसेच्या तसे लावले की गडबड होते. संगणक लिपी ज्या संकेतांत साठवतो त्या युनिकोडमध्ये मात्रा, काना, वेलांटी यांना स्वतंत्र संकेत आहेत. ‘क्षमा’ आपल्याला दोन अक्षरी. संगणकाकडे मात्र क, पाय मोडल्याची खूण, ष, म आणि काना असे पाच संकेत. ‘कमल’ आणि ‘कलम’ यांची जोडी बरोबर जमते, कारण तिथे काना-मात्रा नाहीत. पण ‘वेळा’ आणि ‘वाळे’ यांचे संकेत वर्णक्रमाने लावले तर किल्ली एकच येते. मराठी वाचकाला मात्र वे, ळा आणि वा, ळे ही चार वेगळी अक्षरे दिसतात. संकेत म्हणजे अक्षर नव्हे.

उपाय अवघड नाही: आधी शब्दाची अक्षरे पाडायची, मगच किल्ली करायची. युनिकोडच्या नियमांत काना-मात्रा आधीपासून व्यंजनाला धरूनच होत्या. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. आपल्या मुलांसाठी मराठी शब्दखेळ आणि शोधसाधने बनवणाऱ्यांनी हे पथ्य पाळायलाच हवे. इंग्रजीच्या साच्यात मराठी कोंबून चालणार नाही. अक्षरांचा खेळ म्हणवणारे कोणतेही साधन पारखायचे असेल तर त्याला ‘वेळा’ द्या. उत्तरात ‘वाळे’ आले, तर ते साधन अजून मराठी वाचायला शिकलेले नाही.