चिलटाच्या हृदयालाही म्हातारपण

पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या चिलटालाही हृदय असते. शास्त्रज्ञ त्याला ड्रॉसोफिला किंवा फळमाशी म्हणतात. तिच्या पाठीत मधोमध जेमतेम मिलिमीटरभर लांबीची स्नायूंची नळी अखंड धडधडत असते. त्या हृदयात डावी-उजवी बाजू नाही आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्याही नाहीत. तरीही ते घडवणारी जनुके आपल्या ओळखीची आहेत.

त्यांतले टिनमन हे जनुक बिघडले, तर माशीच्या भ्रूणात हृदय तयारच होत नाही. रॉल्फ बोडमर यांनी १९९३ मध्ये हे दाखवले. या जनुकाचा भाऊबंद उंदरात आणि माणसातही सापडला. त्याचे नाव एनकेएक्स२-५. जन्मतःच हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलेल्या काही कुटुंबांत हेच जनुक सदोष असल्याचे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. माशी आणि माणूस यांच्या वाटा ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, पण हृदय घडवण्याच्या कामात दोघांमध्येही याच घराण्यातल्या जनुकांचा हात राहिला.

वार्धक्याच्या अभ्यासाला ही माशी सोयीची ठरते, कारण तिचे अख्खे आयुष्य दोन-तीन महिन्यांत संपते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तिच्या पेशींना प्राणवायू रक्तातून मिळत नाही, तो श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट पोहोचतो. त्यामुळे प्रौढ माशीचे हृदय कमजोर झाले तरी ती लगेच मरत नाही आणि बिघडलेल्या हृदयाचे निरीक्षण करता येते.

उतारवयात तिचे ठोके मंदावतात, लय चुकू लागते. विजेच्या हलक्या झटक्यांनी ठोक्यांचा वेग वाढवला, तर म्हाताऱ्या माश्यांची हृदये तरुणांपेक्षा अधिक वेळा कोलमडतात. इन्सुलिनचा संदेश मंद असलेल्या माश्यांची हृदये मात्र म्हातारपणीही या परीक्षेत टिकली, असे २००४ मध्ये दिसले. एवढेच नव्हे, तर हा बदल फक्त हृदयाच्या पेशींत घडवला तरी पुरला. याचा अर्थ, हृदय केवळ शरीराबरोबर म्हातारे होत नाही. त्याच्या वार्धक्याची काही सूत्रे त्याच्याच पेशींत असतात.

लय बिघडण्यामागचा एक दुवा २००७ मध्ये हाती लागला. पोटॅशियमची वाट सांभाळणारे केसीएनक्यू जनुक नसेल, तर तरुण माशीचे ठोकेही म्हातारीसारखे अडखळतात. माणसातल्या अशाच जनुकातला दोष लाँग क्यूटी या जीवघेण्या लयविकाराला कारणीभूत ठरतो.

सगळेच जनुकांवर अवलंबून असते असे मात्र नाही. दिवसातले १२ तासच खायला मिळालेल्या माश्यांची हृदये उतारवयात अधिक सक्षम राहिली, असे २०१५ मधल्या प्रयोगात आढळले. त्यांनी एकूण अन्न काही कमी खाल्ले नव्हते.

पण तेवढ्यावरून माशीचे वेळापत्रक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उतरवता येणार नाही. धमन्या तुंबून येणारा झटका या नळीत घडूच शकत नाही, त्यामुळे त्याचे उत्तरही इथे मिळणार नाही. पण लय का चुकते, स्नायू का थकतो, हे प्रश्न तिला खुशाल विचारावेत.